लिंबाचा कौल

शनिवार पेठेत चावडीसमोरच्या पिंपळाखाली मुंगीला शिरायला वाट नव्हती. पेशवाईचे दिवस होते आणि पुण्याला चमत्कारांची कधीच टंचाई नव्हती. मधोमध भस्म फासून चिद्घनबाबा बसले होते. कैद्याला जामीन राहावे की नाही, हे बाबा लिंबाला विचारून सांगत. कैदी पळाला तर जामिनालाच कोठडीत बसावे लागे, म्हणून भलेभले लोक चावडीची पायरी चढण्याआधी हा कौल घेत.

तुळजाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. तिचा नवरा बजरंग सुतार चांदीच्या चोरीच्या संशयावरून कोठडीत पडला होता. चोरीच्या रात्री तो वाघोलीला गाड्यांची चाके बसवत होता, पण वाघोलीला जाऊन कोणी विचारले नव्हते. कारकुनाने एवढेच बजावले होते, "उद्या उजाडेपर्यंत जामीन आण, नाहीतर गडावर रवानगी." श्रीनिवासशेट जामीन राहायला तयार होते. त्यांच्या दुकानाची दारे बजरंगानेच घडवली होती. फक्त कौल तेवढा घ्यायचा होता.

"लिंबू अबोल, पण न्यायी," बाबा डोळे फिरवत म्हणाले. "पाप असेल तर रक्ताचे अश्रू ढाळील." त्यांनी झोळीत हात घालून सुरी काढली, लिंबू चिरले. लालभडक रस मनगटावर ओघळला. शेट मागे सरकले.

"शेट, तुमी त्यांना इतकी वर्सं वळखता," तुळजाबाई म्हणाली.

"ओळखतो गं. पण रक्त डोळ्यांनी पाहिलं." शेट निघून गेले. तिने दिवस मावळेपर्यंत दारोदार पदर पसरला. लिंबाची बातमी तिच्या आधीच पोचलेली होती.

सकाळी ती पुन्हा बाबांच्याच पायांशी आली. दुसरीकडे कुठे जायचे, हेच तिला सुचेना. शेटही आपल्या मनाची खात्री करायला आले होते. तेवढ्यात यज्ञेश्वर वैद्य गर्दीतून पुढे आले.

"बाबा, दक्षिणेचं भरलं ताट आणलं की चकचकीत सुरी निघते आणि रिकामे हात असले की काळपट. हे कसं?" असे म्हणत त्यांनी झोळीतली काळपट सुरी उचलली. "आता आपल्या नावानं कापतो."

लिंबू रक्ताने भरले.

"अरेरे, आपणच चोर निघालात. आपल्याला जामीन कोण राहणार?" लोक हसले. वैद्यांनी सुरी वर धरली. "पात्यावर जास्वंदीची फुलं चोळून वाळवली आहेत. आंबट रस लागला की लाल होतं. घरी करून पाहा, मंत्र लागत नाही."

शेट खाली मान घालून म्हणाले, "चल बाई, मी जामीन राहतो."

चावडीत कारकुनाने मान वर केली नाही. "बजरंग सुतार? उजाडताच बेड्या घालून गडाच्या वाटेला लावला. जामीन आला नाही."

"आता आलाय न्हवं," तुळजाबाई म्हणाली.

"आता गडावरच्यांना सांगा."

शेट काहीबाही बोलत राहिले. तिने ऐकले नाही. ती पायरीवर बसली, तिला रडूही येईना.

लोकहो, लिंबू वरणावर पिळावे. माणसाबद्दल शंका असेल तर ती माणसांना विचारावी. वाघोली काही फार लांब नाही, सकाळी निघालेला माणूस रात्रीच्या जेवणाला घरी परततो. त्या दिवशी तिथे कोणी गेले नाही, आणि गडावरून बजरंग कधी परत आला नाही.