हिरव्या कापडाखालचा आकडा

२०२३ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. नगरचं अहिल्यानगर व्हायला अजून दीडेक वर्ष अवकाश होता आणि राजेश्वरी सिस्टरला निवृत्त व्हायला अकरा महिने. नगरमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात तिची पस्तीस वर्षं गेली होती, त्यातली वीस अतिदक्षता विभागात. ती नवी लागली तेव्हा दवाखान्यात श्वासाचं यंत्र एकच होतं आणि ते बहुतेक दुरुस्तीलाच गेलेलं असायचं. साप चावलेला पेशंट आला की नातेवाईक पाळ्या लावून हातानं रबरी फुगा दाबत बसायचे. एका बाईचा फुगा तिच्या जावांनी दोन दिवस दाबला, आणि त्या दोन दिवसांत चार वर्षांचा त्यांचा अबोला मिटला. असे दिवस राजेश्वरीला तपशीलवार आठवत.

आता यंत्रं आठ झाली होती, आणि डॉक्टर सुकन्या होती. पुण्याहून शिकून आलेली, वयानं राजेश्वरीच्या लेकीएवढी. तिनं एक संशोधन चालवलं होतं. यंत्रावरच्या माणसाच्या घशात नळी असते, त्याला बोलता येत नाही. मग त्याला दम लागतोय का, हे आपण कशावरून ठरवतो?

"पडद्यावरचे आकडे बघून," सुकन्या म्हणायची. "म्हणजे आपण यंत्राची विचारपूस करतो, सिस्टर. माणसाची राहूनच जाते."

म्हणून जागा असलेल्या प्रत्येक पेशंटला सकाळ-संध्याकाळ एक पाटी दाखवायची. शून्य म्हणजे श्वास मोकळा, दहा म्हणजे जीव गुदमरतोय. पेशंटनं आकड्यावर बोट ठेवायचं नाहीतर तेवढी बोटं दाखवायची. आकडा मोठा आला तर डॉक्टर यंत्राची मांडणी बदलणार आणि पुन्हा विचारणार. पाटी दाखवण्याचं काम राजेश्वरीचं. एकोणीस पेशंट झाले होते.

विसावे होते भिमाजी. घोडेगावच्या बाजारातले जनावरांचे दलाल, वय चौसष्ट, बिडीनं फुप्फुसं आधीच खाल्लेली, त्यात न्यूमोनिया. यंत्रावर नववा दिवस होता. न्यूमोनिया उतरला होता, औषधाची गुंगीही कमी केली होती, पण यंत्राचा आधार काढून बघितला की पाच-दहा मिनिटांत माणूस तळमळायला लागायचा, नाडी धावायची, आणि पुन्हा यंत्र जोडावं लागायचं. असं तीनदा झालं.

पाटीचं तर विचारूच नका. राजेश्वरी म्हणायची, "बाबा, किती दम लागतोय? बोटं दाखवा." की भिमाजी तिच्याकडे टक लावून बघायचे आणि हात हळूच चादरीखाली ओढून घ्यायचे. आत काहीतरी चाळवाचाळव चालायची. चादर वर काढली की पुन्हा खाली. एकदा त्यांनी तिचाच हात धरून चादरीत ओढायला सुरुवात केली, तेव्हा तिनं तो झटकन सोडवून घेतला.

तिनं कागदावर लिहिलं: गोंधळलेला, सूचना समजत नाहीत, चादर ओढतो. नळी उपसून काढतील या भीतीनं दोन्ही मनगटं मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधली.

त्या कागदावरून पुढचं ठरलं. माणूस शुद्धीत नाही, आधार सुटत नाही. तेव्हा उद्या दुपारी गळ्याला छेद देऊन तिथून नळी बसवायची.

भिमाजींची बायको रंगुबाई ते ऐकून विभागाच्या दारातच बसली. "गळ्याला भोक पाडायचं म्हन्ता, अन् मंग त्यो बाजारात वरडायचा कशानं?"

"मावशी, भोक नंतर बुजतं," सुकन्या म्हणाली.

"कवा?"

सुकन्या हातातले कागद चाळायला लागली. छातीचा जोर कमी असलेल्या माणसाचं महिनोन्‌महिने राहतं, कधी कायमचंही, हे तिला ठाऊक होतं.

पाच वाजता भेटीच्या वेळेला सत्तार आला. भिमाजींचा बाजारातला जोडीदार, आणि निम्म्या व्यवहारांत वैरी. खांद्यावर मळका रुमाल, पायाला बाजाराची धूळ. राजेश्वरीनं त्याला चप्पल काढायला लावली, हात धुवायला लावले, आणि आत सोडलं. तेवढ्यात पाटीची वेळ झाली म्हणून तिनं भिमाजींचा उजवा पट्टा सोडला आणि रोजचा प्रश्न विचारला. हात चादरीखाली गेला.

"बघा," ती म्हणाली, "हे असंच चाललंय."

सत्तारनं बघितलं आणि असा हसला की शेजारचा पेशंट दचकला.

"अवं शिस्टर, त्यो आकडा सांगतोय की!"

"कुठं सांगताहेत?"

"चादरीखाली! चाळीस वर्सं झाली ह्या मानसानं उघड्यावर आकडा सांगितला न्हाई. आमचा सौदा रुमालाखाली, बोटांवर. चार मानसांत आकडा दाखवला तर दलालाची इज्जत ऱ्हाती का? अन् तुमी पाटी धरून इचारताय!" त्यानं खांद्यावरचा रुमाल उपसला.

"तो इथं चालणार नाही," राजेश्वरी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण नियम तो नियम.

"मंग तुमचा द्या."

तिनं धुऊन निर्जंतुक केलेलं हिरवं कापड काढून दिलं. सत्तारनं ते दोघांच्या हातांवर टाकलं. भिमाजींचे डोळे नऊ दिवसांत पहिल्यांदा हलके मिटले, बैलाच्या मानेवरून जू उतरावं तसे.

"सात," सत्तार म्हणाला. मग सवयीनं, "सात कसला रं, पाच म्हन!"

"अहो घासाघीस काय करताय!" राजेश्वरी ओरडली. "दम लागलाय त्यांना!"

तिनं सुकन्याला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मॅडम, मी गोंधळलेला म्हणून लिहिलं ते चुकलं. गोंधळ माझा होता."

सुकन्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "पण हे खरं कशावरून? चाचा मनानं सांगत नसतील कशावरून? दुसरं काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर आपल्याला पडताळता येईल."

"इचारा त्येला, घरी गाया किती," रंगुबाई दारातून म्हणाली. "तीन हायेत."

कापडाखाली बोटं हलली. सत्तारनं खाली बघितलं, मग छताकडे.

"काय म्हणतात?" सुकन्यानं विचारलं.

"चार."

राजेश्वरीनं सोडलेला पट्टा पुन्हा हातात घेतला. म्हणजे माणूस खरंच भ्रमात होता तर.

सत्तार घसा खाकरत म्हणाला, "वहिनी, आता रागावू नका. चौथी माझ्या गोठ्यात बांधलीय. दुखन्याच्या आधी चार दिस घेतली त्यानं. तुमास्नी सांगायचं ऱ्हायलं."

"सांगायचं ऱ्हायलं?" रंगुबाई उठून थेट पलंगापाशी आली. "मागच्या दिवाळीला माझ्या गळ्याची शप्पत घेतली हुती, आता जनावर आननार न्हाई म्हनून! हितं मरायला टेकलास तरी लबाडी सुटंना व्हय रं?"

भिमाजींची छाती गदगदायला लागली. यंत्र ठणाणा केकाटलं. राजेश्वरी धावली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ते हसताहेत.

"झाला पडताळा," सुकन्या म्हणाली. "शुद्ध आहे, आणि आपल्यापेक्षा चांगली आहे."

पण जवळच्या माणसानं मध्ये पडून सांगितलेला आकडा संशोधनात चालत नव्हता, म्हणून राजेश्वरीनंच शिकायचं ठरलं. सत्तारनं तिला तिथंच शिकवलं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच, पंजा धरून वर बोट म्हणजे पुढचे.

"अन् पहिला आकडा खरा धरू नका," तो म्हणाला. "त्यो चढवूनच असतो. आपन गप बसायचं. मंग दुसरा येतो. अंगठा दाबला की त्यो शेवटचा."

राजेश्वरीनं कापडाखाली हात घातला. पंजा आणि दोन बोटं. ती गप्प बसली. पुन्हा पंजा, दोन बोटं, आणि अंगठा.

"मॅडम, सातच. चढवलेला नाही."

सुकन्यानं यंत्राची मांडणी बदलायला घेतली. हवा पुरेशी जात होती, पण या माणसाच्या श्वासाच्या भुकेच्या मानानं सावकाश जात होती. तिनं वेग वाढवला. दहा मिनिटांनी सहा आले. अजून थोडा वाढवला. चार, अंगठ्यासकट. त्या दिवसापासून पट्टे सुटले ते सुटलेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला शस्त्रक्रिया होती. सकाळी दहाला सुकन्या म्हणाली, "एकदा शेवटचं बघू. अर्धा तास टिकले तर गळ्याला हात लावत नाही."

यंत्राचा आधार जवळजवळ काढून घेतला. राजेश्वरी स्टुलावर बसली, हात कापडाखाली. पाच मिनिटांनी आकडा आला, तीन. दहा मिनिटं. तीन. चौदाव्या मिनिटाला भिमाजी चुळबुळायला लागले, नाडी एकशे अठरावर गेली. सुकन्याचा हात यंत्राकडे गेला. आधीच्या तीन खेपांना याच क्षणी माघार घेतली होती.

"थांबा," राजेश्वरी म्हणाली. "सांगताहेत."

पंजा आला. तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. सत्तारसारखीच निगरगट्ट बसून राहिली. मग पंजा सुटला आणि चार बोटं आली. अंगठा दाबला गेला, चांगला करकचून.

"चार. शेवटचा."

सुकन्यानं प्राणवायू बघितला, श्वास मोजले. सगळं मर्यादेत होतं. तिनं हात मागे घेतला. चुळबूळ दोन मिनिटांत शमली. अर्धा तास झाला, वर पाच मिनिटं सुकन्यानंच जादा घेतली. अकराला नळी निघाली.

भिमाजी बराच वेळ खोकले. मग फाटक्या आवाजात राजेश्वरीला म्हणाले, "बांधलं हुतं तुमी मला. दाव्यावरच्या जनावरावानी."

"हो बाबा. मीच बांधलं. चुकलं माझं."

"बोटं मातुर लई लवकर शिकल्या," ते म्हणाले, आणि पाणी मागितलं.

पुढे भिमाजींनी बिडी सोडली. वर्षभरानं बाजारातही जायला लागले, पण धूळ उडते म्हणून टेम्पोत बसूनच सौदे करतात. रंगुबाईनं चौथी गाय घरी आणून तिचं नाव गावभर 'लबाडी' पाडलं. तिला दोन कालवडी झाल्या. सत्तार गुडघ्यानं अधू झाला आणि धंदा पुतण्याकडे गेला, तरी रोज टेम्पोपाशी येऊन बसतो आणि भाव चुकला म्हणून भिमाजींना शिव्या देतो. सुकन्याचं संशोधन चाळीस पेशंटांवर पुरं झालं आणि एका वैद्यकीय मासिकात छापून आलं. पेशंटला आकडा विचारण्याआधी त्याच्या आकडा सांगण्याच्या सवयी विचारून घ्याव्यात, असं तिनं शेवटी लिहिलं होतं. मासिकवाल्यांनी ते वाक्य गाळलं. ती अजून नगरलाच आहे. राजेश्वरी ठरल्या दिवशी निवृत्त झाली, लेकीकडे सुप्याला राहायला गेली, आणि आता आठवड्यातून दोनदा नव्या नर्समुलींना शिकवायला एसटीनं येते. भाडं दवाखाना देतो, चहा मुली पाजतात.