न तुटलेल्या गियरची कैफियत

मी एक जुना पोलादी गियर आहे, मित्रांनो. जुना असलो तरी माझा एकही दात पडलेला नाही. पाकिटावरच लिहिले होते, ‘आयुष्यभर टिकेल’. कोणाच्या आयुष्यभर, ते मात्र लिहिले नव्हते.

माझे मालक अमेरिकेतल्या मिनेसोटाचे आयनार हाल्व्हर्सन. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या बायकोने, मार्लिसने, त्यांना रिमोटवर उडणारे हेलिकॉप्टर दिले. नवऱ्याला लांबचे नीट दिसत नाही म्हणून तिने हेलिकॉप्टरच्या शेपटीला स्वतःचे लाल नेलपॉलिश फासले. पुढच्याच हिवाळ्यात ती गेली. मग दर रविवारी चर्चहून आले की आयनार सोयाबीनच्या शेताच्या कडेला उभे राहून तो लाल ठिपका आभाळात फिरवायचे.

हेलिकॉप्टर पडायचेही वरचेवर. पडले की आतला पांढरा प्लास्टिकचा गियर दात टाकायचा. आयनार डब्यातून दुसरा काढून बसवायचे आणि कॉफी निवायच्या आत पुन्हा उडवायचे. पण जन्मभर लोखंडात हात घातलेला माणूस. प्लास्टिकला कंटाळला आणि मला मागवले.

शेजारचे लीरॉय कुबियाक हेही याच नादाचे. ते म्हणाले, “आयनार, मरायला एक तरी प्लास्टिकचा ठेव रे. तो पहिला मरतो म्हणून बाकीचे जगतात.”

“तुझी कवळी प्लास्टिकची, म्हणून तुला त्याचा पुळका,” असे म्हणून आयनारनी पांढऱ्या गियरांचा अख्खा डबा त्यांच्याच हातात ठेवला.

तो उन्हाळा माझ्या कौतुकात गेला. मीही फुगलो होतो, खोटे कशाला बोलू?

सप्टेंबरात वाऱ्याचा झोत आला आणि फिरते पाते कुंपणाच्या खांबावर आदळले. त्या क्षणी मी तुटायला हवे होते. मी तुटलो नाही. ते माझ्या स्वभावातच नाही. मी न घेतलेला दणका पुढे गेला. दांडा वाकला, मोटर गेली आणि सांगाडा लाल शेपटीपर्यंत उभा चिरला. तसला सांगाडा आता कोणी बनवत नाही. लीरॉयनी तीन राज्यांत फोन केले. कुठेच नव्हता.

मग ते तो डबा परत घेऊन आले. “ठेव. नवीन घेशील तेव्हा लागेल.”

“घेईन रे,” आयनार म्हणाले. “पण त्याला लाल कोण लावणार?”

लीरॉयनी डबा खिडकीत नेऊन ठेवला.

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, त्या डब्याशेजारी. रविवारी आयनार माझ्या दातांवरून अंगठा फिरवतात. सगळे जागच्या जागी असतात. मग ते मला परत ठेवतात.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू सारखी मोडत असेल, तर तिला नावे ठेवू नका. ती कोणाच्या वाटणीचे मोडते आहे, ते आधी बघा. तिला जपा. माझी काळजी नको. मला काही होत नाही.