अक्काचा गुडघा आणि तीन देश

“डाक्टर होईल गं, माझ्या भावाचं लेकरू
धरील माझी नाडी, मग कशाला मी मरू”

आमच्या डोक्यांवर तेल थापताना अनुसूयाक्का हे गायची. वडिलांची थोरली बहीण. कानडी मुलखात, चामराजपेटच्या घरात आम्हां तिघा भावंडांना तिनंच वाढवलं. मी पीयूसी, म्हणजे बारावी झाले त्या वर्षी तिचा गुडघा धरला, आणि तिनं जाहीर केलं, “दाखवीन तर घरच्याच डॉक्टराला.”

घरचे डॉक्टर तीन वाटांनी निघाले. वादिराज अमेरिकेला, दत्ता रशियाला, आणि मी इथंच, सिटी बसनं.

रविवारी फोन यायचे. अक्का एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हातात गुडघा धरून बसायची.

“वादी, गुडघ्यापर्यंत आलास का?”

“अक्का, इथं आधी साधी पदवी, मग डॉक्टरकी. सध्या इतिहास शिकतोय.”

“इतिहास? कुणाचा, माझ्या गुडघ्याचा?”

दत्ताचं पहिलं वर्ष नुसतं भाषेत गेलं. “अक्का, गुडघ्याला इथं कोलेनो म्हणतात!”

“सरी, बरं. बारसं झालं. आता औषध सांग.”

मी मात्र पहिल्याच वर्षी गुडघा उघडून पाहिला. मोठ्या ऐटीत सांगितलं, तर म्हणाली, “कुणाचा गं, निवेदिता?”

“मेलेल्या माणसाचा.”

तिनं पाय पदराखाली ओढून घेतला. “मी थांबते स्वल्प.”

थांबली. वादिराज इतिहास ओलांडून हाडांपाशी पोचला, दत्ता बर्फात कुडकुडत परीक्षा देत राहिला, आणि इंटर्नशिप संपवून आधी डॉक्टर झाले मी. अक्कानं नवी साडी नेसून पाय पुढं केला. मी वाकवून पाहिला, दाबून पाहिला. सूज नाही, काही नाही.

“दुखतं?”

“फार!”

त्याच आठवड्यात मला पुढच्या शिक्षणाला पुण्यात जागा मिळाली. रात्रभर विचार करून सकाळी मी म्हटलं, “नाही जात. ते दोघं तिकडं, तुझा गुडघा हा असा. तुला कोण बघणार?”

मी नकार कळवायला रिसीव्हर उचलला, तसा अक्कानं तो माझ्या हातून काढून जागेवर ठेवला आणि सरळ जमिनीवर बैठक मारली. छान, घट्ट मांडी घालून.

“जा गं पुण्याला. दत्ता भाषा शिकत होता तेव्हाच बरा झालाय हा. पण तसं सांगितलं असतं, तर रविवारी तुम्ही मला विचारलं काय असतं?”