बाई ‘छान’ म्हणाल्या

औषधांच्या दुकानात काउंटरमागे बारा वर्षं काढल्यावर तिने शिक्षिका व्हायचं ठरवलं, तेव्हा घरात पहिले दोन दिवस कुणाला ते खरंच वाटेना. नवरा म्हणाला, छत्तिसाव्या वर्षी लोक चष्म्याचा नंबर बदलून आणतात, आणि ही शाळेत नाव घालायला निघाली. सासूबाईंनी मात्र एवढंच विचारलं, की सकाळी डबा किती वाजता लागेल. तो त्यांचा होकार होता.

हे प्रशिक्षण नेहमीसारखं नव्हतं. वर्षभर एकाच शाळेत, एकाच वर्गात, एकाच शिक्षिकेच्या हाताखाली राहायचं. सोमवार ते गुरुवार वर्ग आणि शुक्रवारी प्रशिक्षण केंद्र. पहिला महिना मागच्या बाकावर बसून नुसतं बघायचं आणि वहीत टिपून घ्यायचं. मग हजेरी, मग एखादा तास, मग अर्धा दिवस, आणि शेवटचे दोन महिने अख्खा वर्ग आपल्या अंगावर.

तिच्या वाट्याला ज्या बाई आल्या, त्यांची नोकरी एकतीस वर्षांची झाली होती आणि त्यांतली बावीस वर्षं त्या तिसरीलाच होत्या. चणीने इतक्या लहान, की मधल्या सुट्टीत मुलांच्या घोळक्यात सापडायच्या नाहीत. ती त्यांच्यापेक्षा चांगली हातभर उंच. तरी मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘छोट्या बाई’ ठेवून टाकलं आणि ते कायम झालं.

मागच्या बाकावरून तिने जे पाहिलं त्याने ती हरखून गेली. एखादं मूल बोलायला लागलं, की बाई हातातलं सगळं सोडून त्याच्याजवळ जात, समोर उभ्या राहत आणि त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून ऐकत. मुलाने उत्तर दिलं की त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणत, तो काय म्हणाला ते आता तू सांग. मग तिसऱ्याला, मग सगळ्या वर्गाला. त्यामुळे कुणाचंच बोलणं वाया जात नसे आणि सगळे एकमेकांचं कान देऊन ऐकत. तिने हे सगळं वहीत उतरवलं आणि शुक्रवारी केंद्रात वाचून दाखवलं. तिथल्या निरीक्षक बाईंनी ते बाकीच्या शिकाऊ शिक्षकांना लिहून घ्यायला लावलं.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे चिमणी म्हणत, कारण तिचा आवाज जेमतेम ओठांबाहेर यायचा. तिची आई गेले कित्येक महिने दवाखान्यात होती आणि वडील ट्रक चालवायचे, त्यामुळे ती बहुतेक वेळ शेजारच्या काकूंकडे असे. वर्गात ती तोंडातून शब्द काढत नसे. पण रोज सकाळी दारात बाई वाकायच्या, चिमणी दोन्ही हातांचा आडोसा करून त्यांच्या कानाशी काहीतरी सांगायची, बाई हसून “छान, छान” म्हणायच्या आणि मग ती जागेवर जाऊन बसायची. ती काय सांगते, असं छोट्या बाईंनी एकदा विचारलं. ते आमचं दोघींचं गुपित आहे, असं म्हणून बाईंनी विषय संपवला.

तिसऱ्या महिन्यात एके दुपारी बाई फळ्याकडे तोंड करून गणित लिहीत होत्या. कपाटावरचा जाडजूड हजेरीपट छोट्या बाईंच्या हातून सुटला आणि बाईंच्या पाठीमागे धाडकन पडला. दोन मुलं दचकली, एक मुलगी किंचाळली. बाई शांतपणे हातचा एक लिहीत राहिल्या.

बाईंनी वळल्यावर खाली पडलेला हजेरीपट पाहिला, मुलांचे चेहरे पाहिले, आणि मग तिच्याकडे पाहिलं.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी स्वतःच सांगितलं. डावा कान सहा वर्षांपूर्वी गेला. उजवा आता जातोय. यंत्र लावून पाहिलं, पण बत्तीस मुलांच्या वर्गात त्यातून नुसता भांड्यांचा ढीग कोसळल्यासारखा आवाज यायचा, म्हणून ते घरी ठेवलं. समोरच्याचे ओठ दिसले की सगळं कळतं. शाळेत कुणाला माहीत नाही.

“तू वहीत लिहून घेतलंस ना, मुलांजवळ जाणं, उत्तर परत म्हणून घेणं,” बाई म्हणाल्या, “ते मी कुठे शिकले नाही गं. ऐकू येईना म्हणून करायला लागले.”

निवृत्तीला दीड वर्ष होतं. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. बाईंनी विनवणी केली नाही, पण डब्याचं झाकण त्या तीनतीनदा उघडत आणि लावत होत्या. छोट्या बाईंनी विचारलं, शुक्रवारी मी नसते तेव्हा काय करता? शुक्रवारी चित्रकला आणि शुद्धलेखन ठेवते, बाई म्हणाल्या, त्यात कुणाला फारसं बोलावं लागत नाही.

त्या दिवसापासून छोट्या बाई मागचा बाक सोडून खिडकीपाशी पुढे बसू लागल्या. घंटा झाली की पेन उचलायचं, मागून कुणी हाक मारली की त्या दिशेला मान वळवायची. काही आठवड्यांत दोघींचं असं जमलं, की शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही काही कळलं नाही. घरी ती नवऱ्याला म्हणाली, मला शिकवायला मिळालंय ते सोनं आहे. बाकीचं तिने घरीही सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या मनात येऊन गेली होती. चिमणी हातांचा आडोसा करून बोलते. म्हणजे ओठ दिसत नाहीत. मग बाईंना काय कळत असेल? विचारावं असं तिला दोनतीनदा वाटलं. पण सकाळी दारातलं ते दृश्य इतकं गोड असायचं, की त्यात बोट घालायला तिला जिवावर आलं.

अर्धं वर्ष सरलं असेल. एका शुक्रवारी पहाटे चिमणीची आई दवाखान्यातच वारली. वडील तिकडेच होते. काकूंना काही सुचेना. मोठी माणसं धावपळीत, घरात मुलीला कोण सांभाळणार, म्हणून त्यांनी तिला काहीच न सांगता आपल्या मुलाबरोबर शाळेत धाडून दिलं. पण चिमणीने दाराआडून सगळं ऐकलं होतं.

छोट्या बाई त्या दिवशी केंद्रात होत्या. सोमवारी चिमणी आली नाही आणि मुख्याध्यापकांनी बातमी सांगितली. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, शुक्रवारी तर पोर दिवसभर वर्गात होती, किती शहाण्यासारखी बसून तिने फुलांचं चित्र काढलं, घरी काय घडलंय याची बिचारीला कल्पनाही नसेल.

पंधरा दिवसांनी चिमणी परत आली. दारात बाई नेहमीसारख्या वाकल्या. ती त्यांच्या बाजूने निघून गेली आणि जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. बाईंना वाटलं, दुःख आहे, वेळ द्यायला हवा.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत छोट्या बाई तिच्या बाकावर जाऊन बसल्या. मग चिमणी आपणहून बोलली, इतकं हळू की छोट्या बाईंना श्वास रोखून ऐकावं लागलं.

“मी बाईंना सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतंस?”

“आई मेली म्हणून. त्या दिवशी सकाळी.” ती बाकावरचा ओरखडा नखाने कोरत होती. “बाई ‘छान’ म्हणाल्या.”

छोट्या बाईंनी तिचा हात धरला. घंटा होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

शाळा सुटल्यावर बाईंनी छोट्या बाईंना विचारलंच, काय म्हणाली गं ती? खोटं बोलणं सोपं होतं. नुसतं खिडकीकडे तोंड वळवून बोलली असती तरी बाईंना काही कळलं नसतं. क्षणभर तिला तो मोह झालाही. पण ती त्यांच्या समोर उभी राहिली, आणि ओठ नीट दिसतील अशा बेताने, सावकाश, चिमणीचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

बाईंनी ते दोनदा म्हणायला लावलं. मग त्या मुलांच्या बाकावर बसल्या आणि खूप वेळ आपल्या तळव्यांकडे पाहत राहिल्या. रडल्या नाहीत. घरी जाताना फाटकापाशी एवढंच म्हणाल्या, की उद्या तू माझ्याबरोबर थांब, ती काय म्हणेल ते मला सांगायला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी वाचनाच्या खोलीत त्यांनी चिमणीला समोर बसवलं. सांगितलं, की मला कानांनी ऐकू येत नाही. तू सांगितलंस ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही. मी न ऐकता हसले आणि न ऐकता ‘छान’ म्हणाले. चूक माझी आहे, तुझी नाही.

चिमणीने त्यांच्या दोन्ही कानांकडे आळीपाळीने पाहिलं. मग विचारलं,

“मग मी रोज सांगायचे ते?”

छोट्या बाईंनी सांगायची गरज पडली नाही. या वेळी चिमणीने हातांचा आडोसा केला नव्हता.

“तेही नाही,” बाई म्हणाल्या.

चिमणी उठली. दप्तर पाठीला लावलं आणि वर्गात गेली. ती रडली असती, चिडली असती तर बरं झालं असतं, असं छोट्या बाईंना पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं.

बाई तिथून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून वर्ग सोडला. मुख्याध्यापक भले गृहस्थ. त्यांनी ग्रंथालयाचं काम देऊ केलं, दीड वर्ष तिथे काढा म्हणाले. बाई नको म्हणाल्या. छोट्या बाई दारातच उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं आणि बाईंनीही त्यांचं नाव घेतलं नव्हतं. पण त्या आत गेल्या आणि म्हणाल्या, मला चार महिन्यांपासून माहीत होतं.

केंद्राने तिचं प्रशिक्षण सहा महिन्यांनी वाढवलं. निरीक्षक बाई म्हणाल्या, तुझं मन चांगलं आहे, पण वर्गात आधी मुलं, मग आपण मोठी माणसं. तिने मान खाली घालून ऐकलं. घरी सांगितल्यावर नवऱ्याने एकही विनोद केला नाही. सासूबाई म्हणाल्या, आणखी सहा महिने डबा करीन, त्यात काय.

बाई दुसऱ्या शहरात बहिणीकडे राहायला गेल्या. जायच्या आदल्या दिवशी छोट्या बाई त्यांना भेटायला गेल्या, तेव्हा घरात खोकी बांधून ठेवलेली होती. दोघी समोरासमोर बसल्या. बाईंनी विचारलं, भागाकार कुठवर आला? ती सांगत गेली. कोण अडतंय, कोण उगाच बोटं मोजतंय. बाई तिच्या ओठांकडे बघत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, “ती मला रोज काय सांगत असेल गं?”

“मी विचारलं होतं, बाई. ती सांगत नाही.”

“नको विचारूस,” बाई म्हणाल्या आणि चहाचे कप उचलून आत गेल्या.

वर्ष संपायला तीन आठवडे असताना चिमणीचे वडील शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आले. मुलीला आजीकडे ठेवणार होते, त्यांच्या फेऱ्या लांबच्या असत. ते कार्यालयात सही करत होते आणि चिमणी बाहेर भिंतीला टेकून उभी होती. छोट्या बाई तिच्याजवळ गेल्या, खाली बसल्या. निरोपाचं काहीतरी बोलायचं त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

पण त्याआधी चिमणीनेच विचारलं, “बाईंना आता ऐकू येतं?”

“नाही गं.”

“अजिबात?”

“अगदी थोडं. तेही जाईल.”

तिने मान हलवली. वडील दाखल्याची घडी खिशात घालत बाहेर आले, छोट्या बाईंना त्यांनी नमस्कार केला आणि लेकीचा हात धरला. दोघं मैदान ओलांडून फाटकाकडे गेली. आत वर्गात दंगा सुरू झाला होता. छोट्या बाई उठल्या, साडीची धूळ झटकली आणि हजेरी घ्यायला गेल्या. चिमणीच्या नावापाशी आल्यावर त्या थांबल्या, आणि मग पुढचं नाव पुकारलं.