ताईंच्या पेशींतलं हरवलेलं प्रथिन

ताई बसस्थानकावर हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खिडकीत बसायच्या. पाय लटपटू लागले, बोटांना किल्लीही धरवेना, तेव्हा नोकरी सुटली. त्यांच्या दंडावरच्या कातडीचा इवलासा तुकडा माझ्या प्रयोगशाळेत आला आणि त्यातल्या पेशी मी काचेच्या बशीत वाढवल्या. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातलं एक प्रथिन त्यांच्यात दिसत नव्हतं. जनुकात चूक आहे, म्हणून प्रथिन तयारच होत नाही, असं वहीत लिहून मी मोकळी झाले.

एका दुपारी धाकट्या भावाचा हात धरून ताई स्वतःच आल्या.

"माझ्या पेशी बघायच्यात."

"दाखवा, पण जपून," भाऊ हसला. "प्रश्न विचारून भंडावून सोडेल."

"तू गप रे!"

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या बराच वेळ बसल्या. मग मी प्रथिनांची फिल्म दाखवली; प्रथिन असेल तिथे तिच्यावर काळी रेघ उमटते. निरोगी माणसाच्या रकान्यात काळी रेघ, ताईंचा रकाना कोरा.

"आलंच नाही, की आलं आणि कुणी नेलं?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"फळीवर छत्री नाही, म्हणजे ती जमाच झाली नव्हती, असं थोडंच असतं?"

माझ्या लक्षात आलं, हे मी तपासलंच नव्हतं.

बिघडलेली प्रथिनं तोडणारी एक यंत्रणा पेशीत असते. त्या आठवड्यात बशीतल्या पेशींत मी ती औषधाने काही तास थोपवली. ताईंच्या रकान्यात रेघ उमटली! फिकट, पण रेघच. प्रथिन तयार होत होतं. त्याची घडी बसून नीट आकार यायला वेळ लागायचा आणि मायटोकॉन्ड्रियात शिरण्याआधीच त्याचा फडशा पडायचा. आता वाचलेलं प्रथिन आत पोचलं आणि पेशी जास्त ऑक्सिजन वापरू लागल्या. तीनदा करून पाहिलं, मगच फोन केला.

"म्हणजे आहे तर!" ताई ओरडल्या. "मग द्या ना मला ते औषध."

"नाही देता येणार. ते सरसकट सगळीच तोडणी थांबवतं, शरीराला झेपणार नाही. फक्त हे एक प्रथिन वाचवणारं काहीतरी शोधायला हवं."

"किती वर्षं?"

"खरंच सांगता येत नाही."

ताईंनी पुढचा प्रश्न काढलाच.

"पण तोडणाऱ्याला कळतं कसं, कुणाला तोडायचं ते?"

मला नीटसं माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

पुढच्या महिन्यात तोच प्रश्न घेऊन मी नवा प्रयोग मांडला. ताई सकाळीच येऊन बसल्या. फिल्म तयार व्हायला चार तास लागले. त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत; उत्तर त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.