मोहाखालचा सापळा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी सापळा आहे. माया वाटावी असं माझ्यात काही नाही, तरी ऐका.

राणी व्हिक्टोरियाच्या काळात विलायतेतल्या एका लोहाराने मला घडवलं. तिथल्या माळ्याला फुलं वाढवण्याइतकीच ससे धरण्याची विद्याही यावी लागे. एका साहेबाच्या सामानातून मी अहेरीकडच्या बंगल्यावर आलो आणि त्याच्या बागेतली साळिंदरं धरू लागलो. माणसाचा वास जावा म्हणून तिथला माळी मला कडुनिंबाच्या पाल्यात उकळायचा, पुरून वर पाचोळा पसरायचा आणि माणसांनी जपून जावं म्हणून शेजारच्या झाडाला चुन्याचा पट्टा ओढायचा. साहेब माळ्याची पाठ थोपटायचा. फुगायचो मात्र मी!

साहेब मायदेशी गेला, मी माळ्याच्या घरी राहिलो. पिढ्या सरल्या. मागच्या हंगामात त्या माळ्याच्या वंशातल्या लालसूच्या धानात रानडुकरं शिरली. त्याने मला उकळून बांधावरच्या मोहाखाली पुरलं. चुना काही लावला नाही. आता सापळा लावणं गुन्हा. खूण दिसली तर वनरक्षक धरेल. भीतीपोटी त्याने बायकोलाही सांगितलं नाही. धान घरी आलं, लालसू मिरची तोडायला तेलंगणात गेला आणि मला उचलायचं विसरला.

मोहफुलं पडायच्या दिवसांत त्याची बायको सोनीबाई झाडाखालची जागा साफ करायला आली. झाडणीने सरेना म्हणून तिने हाताने पाचोळा ओढला.

मित्रांनो, मला थांबता येत नाही. मला घडवलंच तसं आहे.

तिचा उजवा हात मनगटापासून गेला. नवऱ्याला तुरुंग नको म्हणून दवाखान्यात तिने बैलगाडीचं नाव सांगितलं. लालसू धावत परतला. "सोनी, मले तुले सांगाचं होतं," तो रडत म्हणाला.

"मंग काऊन नाई सांगतलं?"

त्याने मला उचलून घराच्या कोपऱ्यात फेकलं.

यंदा धान पुन्हा भरलं. काल शेजारचा श्रावण आला. "लालसूभाऊ, डुकरं आता माह्या धानात येऊन राह्यले. पडूनच आहे त मले दे न."

लालसूने मान खाली घालून मला त्याच्या हातात दिलं. श्रावणने जबडा चाचपला. "जुनं लोखंड! अजून दमदार आहे."

स्तुतीचा मी जन्माचा भुकेला, पण ही ऐकून मला शरम वाटली.

"श्रावणभाऊ," सोनीबाई चुलीजवळून म्हणाली, "कुठी गाडशीन ते तुह्या बायकोले सांगून ठेव."

"हो बाई, सांगतो न," तो हसला.

घरी जाऊन त्याने मला तेल पाजलं. अंगणात बायकोची चाहूल लागताच घाईघाईने गोणपाटाखाली लपवलं.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला विनवतात, आमची निगा राखा. माझी निगा राखू नका. कुठे सापडलो तर मला पावसात फेका आणि गंजू द्या.