मोडलेल्या तीन चळती

खडकावर पाऊलवाट उमटत नाही. म्हणून आमच्या दक्षिण युटाच्या सरकारी वाळवंटात वाट दाखवायला दगडांच्या चळती रचतात. एका चळतीपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे, एवढाच नियम. पण फिरायला येणाऱ्यांना स्वस्थ बसवत नाही. ते फोटोसाठी आणखी चळती रचतात आणि त्यांच्या नादाने दुसरेच कुणीतरी वाट चुकतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी या हौशी चळती मी मोडते. नऊ वर्षं झाली. पगार नाही, एक टोपी मिळाली आहे.

त्या शनिवारी निघतानाच मी दमलेली होते. नऊच्या सुमारास पठारावर पोचले, तोवर चौदा मोडल्या होत्या. तिथे डावीकडे जाणाऱ्या तीन नव्या चळती दिसल्या. वाट तर सरळ जाते. कुणाची तरी मौज, असं म्हणून त्याही पायाने ढकलल्या. एरवी मी पुढच्या वळणापर्यंत जाते. गुडघा ठणकत होता, म्हणून तिथूनच परतले.

खाली वाटेच्या तोंडाशी थेन एका फळीवर सूचना चिकटवत होता. थेन या जमिनीचा रखवालदार. तिसरीत माझ्याच वर्गात होता, अजून मला बाई म्हणतो. म्हणाला, परवाच्या पावसाच्या लोंढ्याने पुढच्या वळणाची कड ढासळली, म्हणून जुन्या खुणा काढून डावीकडून तीन नव्या चळती रचल्यात.

"त्या मी मोडल्या," मी म्हणाले.

त्याच्या हातातली फळी तशीच राहिली. "काल संध्याकाळी तुम्हाला फोन केला होता, बाई."

फोन वाजला होता. मी पाय वर घेऊन पडले होते. उठावंसं वाटलं नाही.

तिथेच येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही असते. तिच्यात एकच नोंद होती: रूलॉन बार्टले आणि नात ब्रिन, पहाटे साडेपाचला आत, दहाला परत. अकरा वाजून गेले होते आणि त्यांची गाडी उभी होती. जाताना चळती होत्या, येताना नव्हत्या. वरून येणाऱ्याला वाट सरळ खालीच जाते असं वाटतं, आणि खाली आता तीन पुरुष खोल कडा होता.

थेनने पाण्याचा कॅन पाठीवर टाकला. मला म्हणाला, तुम्ही सावलीत बसा. मी त्याच्यामागून चालू लागले.

"वर्गात आम्हाला सांगायचात, आधी विचारा, मग खोडा," मागे न बघता तो म्हणाला.

पठारावर पोचलो, हाका मारल्या. उत्तर आलं ते मोडलेल्या दगडांच्या बऱ्याच पलीकडून. उभ्या असलेल्या शेवटच्या चळतीला टेकून आजोबा बसले होते, आणि त्यांच्या सावलीत नात. नऊ-दहा वर्षांची. पुढची खूण दिसेना, म्हणून ते तिथून हललेच नव्हते. दोन तास झाले होते. पाणी कधीच संपलं होतं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

पाणी पिऊन झाल्यावर आजोबांनी थेनला विचारलं, "कोणत्या नालायकाने पाडल्या?"

थेनने माझ्याकडे बघितलं नाही. कॅनचं झाकण लावत बसला. तो सांगणार नाही, हे मला कळलं.

"मी," मी म्हणाले. "लोकांनी गंमत म्हणून रचल्या असतील असं वाटलं."

आजोबांनी माझ्या टोपीवरचं सरकारी चिन्ह बघितलं. मग नातीचा हात धरून उठले आणि थेनच्या मागे चालू लागले.

वाटेत थेनने तिन्ही चळती पुन्हा रचल्या. मी दगड देत होते. ब्रिन बघत होती.

"खरी कोणती आणि खोटी कोणती, कसं ओळखायचं?" तिने विचारलं.

एकतीस वर्षं मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना मी काही ना काही उत्तर दिलं होतं.

"नुसतं बघून नाही ओळखता येत, बाळ," मी म्हणाले. "मला वाटायचं, येतं."

तिने मान डोलावली आणि मला पुढचा दगड उचलून दिला.